पोटमाळ्याची खोली करायची? आधी एक मे आणि एक जुलै माळ्यावर काढा

ठाण्यात खारकर आळीतल्या आमच्या घराच्या माळ्यावर चढायचं म्हणजे आधी शिडी शोधायची आणि मग शिडी धरायला माणूस शोधायचा. वर गणपतीचं मखर, तांब्याचा बंब, दोन पाळणे, सासऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या आणि एक लोखंडी ट्रंक, जिची किल्ली कुणाकडेच नव्हती. खाली तीन पिढ्या दोन खोल्यांत. मुलगा दहावीच्या उंबरठ्यावर आला तेव्हा नवरा म्हणाला, "वर एवढी जागा पडून आहे, खोलीच करू की."

पहिला ठेकेदार आला तो एप्रिलमध्ये. शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून त्याने टॉर्च फिरवला आणि सांगितलं, "पंधरा दिवसांत करून देतो. खाली प्लाय, वर जिप्समचं सीलिंग, एसी लावा, झालं." सासूबाई चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "अगं, एक पाऊस तरी बघू दे त्याला."

त्यांचं ऐकलं म्हणून बचावलो. माळ्याचं खरं रूप मे महिन्यातल्या दुपारी आणि जुलैतल्या रात्री दिसतं, मधल्या दहा महिन्यांत कुठलाही माळा छानच वाटतो. म्हणून पहिलं सांगणं एवढंच, की निर्णय मे-जुलैत घ्या, कागद पावसाळ्यात हलवा आणि हातोडा दिवाळीनंतर उचला. होळीपर्यंत छप्पर बंद झालंच पाहिजे.

तुमचा माळा कुठला?

फ्लॅटमधला, बाथरूम किंवा पॅसेजवरचा माळा असेल तर लेख इथेच सोडलात तरी चालेल. छताची उंची साडेनऊ फूट धरली आणि खाली वावरायला सात फूट सोडले, की वर दोन-सव्वादोन फूट उरतात. नियमांच्या भाषेतही माळा म्हणजे सामान ठेवायची, जास्तीत जास्त दीड मीटर उंचीची जागा. तिथे पोराला झोपवायचे व्हिडिओ पाहायला गंमत वाटते. ऑक्टोबरच्या उकाड्यात तिथे एक रात्र स्वतः झोपून पाहा, हौस फिटेल. आणि सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असलात तरी तुमच्या डोक्यावरची गच्ची सोसायटीची असते, तुमची नाही.

हा लेख आहे तो स्वतंत्र घरांसाठी. चेंदणी, चरई, खारकर आळी किंवा कळव्याकडची जुनी कौलारू घरं, नवी मुंबईत दिवाळे, बेलापूर, घणसोली अशा गावठाणांतली आगरी-कोळी घरं, सिडकोची रो-हाउसं आणि घोडबंदर रस्त्याकडचे उतरत्या स्लॅबचे बंगले. आमचं कौलारू, म्हणून जास्त बोलणं कौलांवरच होईल.

मे महिन्यातलं काम

साधा थर्मामीटर घ्या आणि माळ्यावर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला टांगा. आठवडाभर दुपारी तीनला आणि रात्री दहाला आकडा लिहा, सोबत खालच्या खोलीचाही. आमच्याकडे दुपारी खाली ३४ तर वर ४१ अंश दिसायचे, पण रात्री दहाला दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. कौल पातळ असतं, लवकर तापतं आणि लवकर निवतं. सिमेंटच्या स्लॅबचं उलटं, तो दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ओकत राहतो. म्हणून रात्रीचा आकडा महत्त्वाचा. तो खालच्यापेक्षा चार-पाच अंशांनी वर राहत असेल तर तुमची अडचण स्लॅबमध्ये साठलेल्या उष्णतेची आहे. त्यावर इलाज स्लॅबच्या बाहेरून, वरच्या बाजूने करायचा. आतून कितीही थर लावलेत तरी स्लॅब तापणारच.

जुलैतलं काम

सलग अर्धा तास जोराचा पाऊस पडून गेला की टॉर्च आणि खडू घेऊन वर जा. आधी टॉर्च बंद ठेवा. दिवसा आकाशाचे ठिपके दिसतील, तिथे कौल फुटलंय किंवा सरकलंय. मग टॉर्च लावून ओल शोधा आणि प्रत्येक डागाभोवती खडूने गोल काढून तारीख लिहा. थेंब पडतो तिथेच भोक असतं असं समजू नका. पाणी वर कुठेतरी शिरतं, रिपेवरून (कौलं टेकतात त्या आडव्या पट्टीवरून), मग वाशावरून (उतरत्या लाकडावरून) घरंगळत येतं आणि चार-चार फूट खाली येऊन टपकतं. ओल्या रेषेच्या मागे मागे वर चढत जायचं.

आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या पाख्यांवर, म्हणजे छपराच्या उतारांवर, पाणी उलटं, खालून वर कौलाखाली घुसतं. आमच्या सतरा खुणांपैकी तेरा पश्चिमेच्या पाख्यावर निघाल्या. त्या एका आकड्याने पुढचे किती वाद मिटवले! कुठल्या बाजूला जास्त खर्च करायचा, खिडकी कुठे नको, पलंग कुठे नको, सगळं त्या खडूच्या गोलांनी ठरवलं.

येऊरच्या पायथ्याकडे, उपवन-वर्तकनगरच्या बाजूला घर असेल तर आणखी एक पाहा. तिथे कौलं पावसापेक्षा माकडांनी जास्त फुटतात. माळ्यावर रात्री धावपळ ऐकू येत असेल तर उंदरांआधी कांडेचोराचा, म्हणजे उदमांजराचा, संशय घ्या. तो संरक्षित वन्यप्राणी आहे, पिंजरे-औषधं करू नका, वन विभागाला कळवा. तो गेला की त्याच्या वाटा जाळीने बंद करा.

टेप घेऊन बसा

इथे बहुतेकांची स्वप्नं आडवी होतात. आमचीही झाली होती.

माळा १६ फूट रुंद, २४ फूट लांब. म्हणजे ३८४ चौरस फूट, ऐकायला झकास. पण माळ्याच्या जमिनीपासून वळचणीकडची (छपराच्या खालच्या कडेची) भिंत फक्त ४ फूट आणि मधोमध आढ्याखाली (छपराच्या शेंड्याच्या तुळईखाली) ८ फूट ७ इंच. कौलारू छपराचा उतार साधारण ३० अंशांचा असतो, त्यामुळे आढ्यापासून बाजूला सरकलं की दर फुटाला सात इंच उंची कमी होते. साडेसहा फूट उंची मिळेल, म्हणजे माणूस ताठ उभा राहील अशी पट्टी निघाली मधली सात फुटांची. ३८४ पैकी जेमतेम १७० चौरस फूट. बाकीच्या जागेत रांगायचं.

आता नियम. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फुटांच्या जरा वर लागते. राष्ट्रीय इमारत संहिता उतरत्या छपराला सरासरी उंची धरायची मुभा देते, वळचणीखालच्या किमान उंचीची अट मात्र वेगळी तपासावी लागते. आमची सरासरी ४ फूट आणि ८ फूट ७ इंच यांची, म्हणजे सहा फूट साडेतीन इंच. कागदावर ही खोली होऊच शकत नव्हती.

अशा वेळी तीनच वाटा असतात. पहिली, माळ्याची जमीन खाली घ्यायची. पण मग खालची खोली नऊ फुटांच्या आत येते, आमच्याकडे तेवढी सवड नव्हती. दुसरी, आहे तसा माळा दुरुस्त करून वाचायची-बसायची, सामानाची जागा म्हणून वापरायचा आणि खोलीचं नाव सोडून द्यायचं. यात कमीपणा नाही, मी तर अर्ध्या लोकांना हाच सल्ला देईन. तिसरी, भिंती वाढवून छप्पर उचलायचं.

आम्ही तिसरी घेतली, कारण लाकडाची तपासणी झाल्यावर छप्पर उतरवावं लागणारच होतं. भिंती २ फूट ९ इंचांनी वाढवल्या. कडेची उंची ६ फूट ९ इंच आणि आढ्याखाली ११ फूट ४ इंच झाली. सरासरी नऊ फूट अर्धा इंच, म्हणजे २.७५ मीटर. सरासरीत पाव इंचाने पास! आर्किटेक्टने हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर दोन मिनिटांत केला. तो हिशेब तुम्ही घरीच करा, बाकी कुणालाही बोलवायच्या आधी.

लाकूड बोलतं कसं

आमचे सुतारकाका रत्नागिरीकडचे. आले, ट्रंकेवर बसले, पाच मिनिटं नुसतं वर बघत राहिले. मग हातोडीच्या दांड्याने एकेक वासा ठोकत निघाले. ठण, ठण, ठण, भद्. "भद्" आला तिथे थांबून त्यांनी वाशाचं भिंतीत गेलेलं टोक शोधलं, लांब पेचकस लावला आणि तळव्याने हलकेच दाबला. पेचकस मुठीपर्यंत आत. त्यांच्या मनगटावर पिठासारखा भुसा सांडला. "ताई, वरनं वासा, आतनं रवा," म्हणाले.

ही तपासणी कुणीही करू शकतं. लाकूड मधोमध क्वचित सडतं, सडतं ते भिंतीत रुतलेलं टोक, कारण भिंत ओल धरते. तेव्हा प्रत्येक तुळईची आणि वाशाची दोन्ही टोकं तपासा. बारीक पीठ आणि टाचणीएवढी भोकं असतील तर भुंगा, मातीच्या नळ्या असतील तर वाळवी. भुंग्याला त्या लाकडापुरता इलाज पुरतो. वाळवी असेल तर ती जमिनीतून चढलेली असते, मग माळ्यावर औषध मारून भागत नाही, पायापासून काम करावं लागतं.

तुळई वाकली आहे का हे नजरेवर सोडू नका. दोन टोकांना खिळे ठोका, सुतळी ताणून बांधा आणि मध्ये सुतळी व तुळई यांतलं अंतर मोजा. जमीन पेलणाऱ्या तुळईला लांबीच्या ३६०व्या भागाइतका वाक साधारण चालतो, म्हणजे १२ फुटांना जेमतेम दहा मिलीमीटर. जुन्या सागवानी तुळया पन्नास वर्षांच्या वजनाने याहून जास्त बसलेल्या दिसतात. तेवढ्यावरून त्या निकामी ठरत नाहीत, पण नवीन वजन त्यांच्यावर टाकायचं नाही हे मात्र ठरतं.

एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावावी अशी. छप्पर कैचीचं, म्हणजे लाकडाच्या तिकोनी सांगाड्याचं असेल, तर कैचीची खालची आडवी तुळई डोक्याला लागते म्हणून कधीही कापू नका. उतरते वासे भिंतींना बाहेर ढकलत असतात आणि ती आडवी तुळई दोन्ही बाजूंना धरून ठेवते. ती कापली तर घर त्या दिवशी पडत नाही. भिंती वर्षा-दोन वर्षांत हळूहळू फाकतात, प्लास्टरला उभ्या भेगा जातात आणि लोक दोष देतात पावसाला. आमच्याकडे आढं दोन्हीकडच्या तिकोनी भिंतींवर आणि मधल्या खांबावर टेकलेलं होतं, कैची नव्हती, म्हणून सुटलो.

कागद

कंटाळवाणं आहे, पण यात वगळण्यासारखं काही नाही.

घराच्या आतली किरकोळ दुरुस्ती ही एक गोष्ट आणि भिंती वाढवून, छप्पर उचलून राहतं क्षेत्र तयार करणं ही दुसरी. दुसऱ्या प्रकाराला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली महापालिकेची परवानगी लागते. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्हीकडे डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. अर्ज परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत होतो. त्याला पहिला प्रश्न विचारा तो चटईक्षेत्राचा: या प्लॉटवर अजून किती बांधकाम शिल्लक आहे? शून्य असेल तर बाकीची चर्चा वाया.

घर ३० वर्षांहून जुनं असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट तसंही करून घ्यावं लागतं, माळ्याचं काढलंच आहे तर दोन्ही एकत्र करा. नवी मुंबईत सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असते. करारनाम्यात वाढीव बांधकामाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. गावठाणात शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर तिच्यावर नवीन वजन टाकायच्या आधी त्याची लेखी संमती घ्या, मग तो सख्खा चुलता का असेना. चुलता असेल तर आधी घ्या.

पागडीचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी नसताना कायमस्वरूपी बांधकाम करणं हे १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात घर खाली करून मागण्याचं कारण ठरतं. "मालक आपलाच माणूस आहे" हे कागदावर नसतं.

आणि एक गैरसमज. "आम्ही वाढीव जागेची घरपट्टी भरतो, म्हणजे ती कायदेशीर झाली" असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तसं काही नसतं. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर लावते, वर शास्तीही (दंड) आकारू शकते, आणि पावती हातात असली तरी बांधकाम अनधिकृतच राहतं.

छप्पर उतरवून परत चढवणं

दिवाळी झाली आणि कौलं उतरवायला घेतली. प्रत्येक कौल उलटं करून बघा. मागे कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. मंगळुरात बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा पहिला कारखाना काढला आणि मग त्या किनाऱ्याने पुष्कळ कारखाने उभे राहिले. नावं वाचायची ती नुसत्या इतिहासासाठी नव्हे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत. आमच्याकडे तीन नावांची कौलं सरमिसळ लावलेली निघाली, आणि जुलैतल्या खुणांचं निम्मं रहस्य तिथेच उलगडलं. एका नावाची कौलं एका पाख्यावर लावा. पन्नासएक जास्तीची त्याच नावाची जपून ठेवा.

वाढीव भिंतीला हलक्या एएसी ब्लॉकच्या (आत हवेचे बुडबुडे असलेल्या सिमेंटच्या) विटा घेतल्या, त्यांचं वजन मातीच्या विटेच्या साधारण एक तृतीयांश. त्यावर चारी बाजूंनी फिरणारा काँक्रीटचा सलग पट्टा. जुन्या चुन्याच्या भिंतीवर नवीन वजन येतं तेव्हा हा पट्टा घराला कमरपट्ट्यासारखा आवळून धरतो. वासे त्यावरच टेकतात, भिंतीत रुतत नाहीत, म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांत टोकं सडायचा प्रश्न नाही.

थर कसे लावायचे हे नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. वाशांवर आधी पाणी अडवणारा पण वाफ जाऊ देणारा पडदा. तो खालून वर अंथरत जायचा, प्रत्येक वरची पट्टी खालच्यावर सहा इंच चढवून. त्यावर वाशांच्या रेषेत उभ्या पट्ट्या, मग आडव्या रिपा, मग कौलं. उभ्या पट्ट्यांमुळे कौल आणि पडदा यांच्यात हवेची पोकळी राहते. कौलाखाली शिरलेलं पाणी पडद्यावरून थेट पन्हळीत जातं, आणि तापलेली हवा आढ्याकडे वर जाते. त्यासाठी वळचणीला जाळी लावलेली फट आणि आढ्यावरच्या कोन्यांखाली (शेंड्यावर बसवायच्या कौलांखाली) हवा जायची वाट, दोन्ही ठेवावं लागतं. कोने सिमेंटने गच्च भरून टाकायची गवंड्यांना भारी हौस असते. समोर उभं राहून अडवा.

आतल्या बाजूने वाशांच्या मधल्या जागेत ५० मिलीमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर), त्याखाली चकचकीत फॉइल आणि मग सिमेंट-फायबरचा पातळ बोर्ड. फॉइलच्या चकचकीत बाजूला इंचभर तरी पोकळी हवीच. बोर्डाला चिकटली की फॉइल उष्णता परतवत नाही, नुसती शोभेची राहते. जिप्सम मात्र कौलांखाली नको. एक कौल सरकलं तरी त्याला पिवळे डाग आणि पोक येतं. एप्रिलमधल्या त्या ठेकेदाराचं सीलिंग आळीतल्याच एका घरी दुसऱ्या पावसाळ्यात ताटलीसारखं लोंबलेलं मी पाहिलंय.

पन्हळीचा हिशेब सोपा आहे. ३८४ चौरस फुटांच्या छपरावर एका दिवसात १०० मिलीमीटर पाऊस पडला, आणि ठाण्यात तसे दिवस दरसाल येतात, तर साडेतीन हजार लिटर पाणी खाली येतं. दोन्ही पाख्यांना स्वतंत्र पन्हळ आणि स्वतंत्र उतार-पाइप द्या. पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडणार नाही हेही पाहा.

पायाखालची जमीन

राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला २०० किलो वावराचं वजन पेलेल अशी करतात. आमची खोली १६ बाय १२ची, म्हणजे सुमारे १८ चौरस मीटर. जमीन साडेतीन टनांसाठी तयार हवी. जुना माळा तांदळाची पोती आणि बंब यांच्यासाठी होता.

"स्लॅबच टाकू ना" असं कुणीतरी म्हणतंच. पाच इंची स्लॅबचं स्वतःचंच वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातं, त्यावर फरशी-मसाला वेगळा. चुन्याच्या जुन्या भिंतींवर हे टाकू नका. आम्ही जुन्या तुळयांच्या शेजारून लोखंडी गर्डर घातले, भिंतीत प्रत्येकाखाली काँक्रीटची बैठक देऊन. मधे सोळा-सोळा इंचांवर लोखंडी आडवे, त्यावर १८ मिलीमीटरचा सिमेंट-फायबर बोर्ड. बोर्डाचं वजन चौरस मीटरला २५ किलोच्या आसपास. गर्डरचं माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या, सुतार-वेल्डरच्या अंदाजावर नको. जुनी कडीपाट खालून दिसते तशीच ठेवली, फक्त आता ती काही पेलत नाही.

बोर्ड आणि लोखंड यांच्यामध्ये रबराची पट्टी घाला. आम्ही पैसे वाचवायला अर्ध्या खोलीत घातली नाही. त्या अर्ध्या खोलीतली मुलाची खुर्ची सरकली की खाली सासूबाईंना मालिकेतला संवाद ऐकू येत नाही.

पाण्याची टाकी, संडास-बाथरूम माळ्यावर नेऊ नका. ५०० लिटरची टाकी म्हणजे एका कोपऱ्यात अर्धा टन. पुस्तकांचं कपाटही भरलं की शंभर किलोच्या पुढे सहज जातं, ते भिंतीला लागून, गर्डरच्या टोकाजवळ ठेवा, मधोमध नको.

जिना, जो सगळ्यात शेवटी आठवतो

खरं तर नकाशावर पहिली रेघ जिन्याची पडली पाहिजे. आमची खालची जमीन ते वरची जमीन ११७ इंच. घरातल्या जिन्याची पायरी १९० मिलीमीटर, म्हणजे साडेसात इंचांहून उंच नसावी आणि पाऊल ठेवायला दहा इंच हवेत. ११७ भागिले साडेसात, म्हणजे सोळा चढ, पंधरा पायऱ्या, १५० इंच. जिना साडेबारा फूट लांब! चोवीस फुटांच्या घरात अर्धी लांबी. म्हणून मधे चौक (सपाट टप्पा) देऊन काटकोनात वळवला. तिकोनी पायऱ्या टाळा, घरात म्हातारं माणूस असेल तर नक्कीच.

जमिनीत भोक किती मोठं ठेवायचं? चढताना डोक्यावर सात फूट मोकळे हवेत. आमच्या जमिनीची जाडी नऊ इंच धरून हिशेब केला तर पहिल्या तीन पायऱ्या सोडून वरच्या सगळ्या बाराच्या बारा पायऱ्यांवर उघडं हवं. सरळ जिना असता तर दहा फूट लांब भोक. लोक चार फुटांचं ठेवतात आणि मग आयुष्यभर वाकून चढतात. तेवढी जागा खोलीतून वजा झाली, हे आधीच मनाशी धरा. भोकाभोवती कठडा तीन फुटांहून उंच, गजांमधलं अंतर चार इंचांच्या आत.

आम्ही एवढा हिशेब करूनही शिसवी कपाट विसरलो. चौकात वळेचना. शेवटी सुतारकाकांनी ते मधोमध कापून दोन कपाटं केली, आणि सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तुमचं जे मोठं सामान वर जायचंय, ते कौलं चढवायच्या आधी दोरीने वर घ्या.

हवा, उजेड, वीज

आपल्यासारख्या दमट-उष्ण हवेत खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या एक षष्ठांश हवं असं इमारत संहिता सांगते. १९२ चौरस फुटांच्या खोलीला ३२ चौरस फूट. चार बाय दोनच्या चार खिडक्या. त्यातल्या दोन समोरासमोर आणल्या की पंखा निम्म्या रात्री बंद करावा लागतो. पश्चिमेकडे आम्ही एकही ठेवली नाही, सतरातल्या तेरा खुणा आठवून. उजेडासाठी उत्तरेच्या बाजूला दोन काचेची कौलं, बस. जास्त लावलीत तर मेमध्ये पश्चात्ताप होईल. आगीच्या वेळी जिना बंद झाला तर माणूस बाहेर पडेल अशी एक खिडकी गजांविना, आतून उघडणाऱ्या जाळीची ठेवा.

विजेचं थोडक्यात: माळ्याला स्वतंत्र सर्किट, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच). प्लगना २.५ चौरस मिलीमीटरची वायर, एसीला ४ची, आणि सगळं पाइपातून, कारण उंदीर. एसी घेणार असाल तर मंजूर भार वाढवायचा अर्ज वीज कंपनीकडे आधी करा.

पहिला पावसाळा

खोली मार्चअखेर तयार झाली, पण सीलिंगचे दोन बोर्ड, पश्चिमेच्या कोपऱ्यातले, आम्ही मुद्दाम नुसत्या स्क्रूवर ठेवले, सांधे भरले नाहीत. जुलैत तेच उघडून पाहिले. पडद्यावर एक ओली रेघ निघाली, पन्हळीच्या जोडाशी. तेवढी दुरुस्त झाली आणि मग सप्टेंबरात सांधे भरून रंग दिला. ठेकेदाराचा शेवटचा हप्ताही तोपर्यंत राखून ठेवा, करारातच तसं लिहा.

दर मे महिन्यात शाकारणी, म्हणजे कौलं तपासून नीट बसवणं, चुकवू नका. माणूस असा बोलवा, जो अनवाणी, वाशाच्या रेषेवर पाय देत कौलांवर चालतो. बूट घालून वर चढणारा एका कौलाची दुरुस्ती करून चार फोडून येतो. जास्तीची पन्नास कौलं आमच्याकडे जिन्याखाली आहेत. त्यातली अकरा, उरलेल्या सुतळीने बांधून, त्या लोखंडी ट्रंकेत मावली. कुलूप शेवटी सुतारकाकांनीच तोडलं. आत आणखी एक मखर होतं.